बाईंचा साल्हेर

बाईंनी कधी कुणाला उजवं-डावं सांगितलं नाही. शिक्षकांच्या खोलीत चहा आला की त्या शिपाईमामांना म्हणायच्या, "एक कप वायव्येला द्या," आणि मामा न चुकता खिडकीशी बसलेल्या चित्रकलेच्या बाईंपुढे कप ठेवायचे. माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "तुझ्या पदराला आग्नेयेला शाई लागलीय." मी शाई शोधायला स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

"फिरू नकोस गं," त्या शांतपणे म्हणाल्या. "फिरलीस आणि शाई ईशान्येला गेली."

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. नाशकातल्या जुन्या वस्तीतल्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते आणि बाई भूगोल शिकवून निवृत्तीला आल्या होत्या. ठेंगणा, भरलेला बांधा, कानात मोत्याच्या कुड्या, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. सुती साडीखाली ते बूट विचित्र दिसायचे. नव्या मुली तोंडावर हात धरून हसायच्या. बाई त्यांना हसू द्यायच्या आणि मग विचारायच्या, "झालं? आता सांगा, रबर कुठे पिकतं?"

पंचवटीतून शाळेपर्यंत त्या रोज चालत यायच्या. रिक्षा नाही, कुणाच्या स्कूटरवर मागे बसणं नाही. पावसाळ्यात पुलावर थांबून गोदेचं पाणी बघायच्या आणि शाळेत आल्या आल्या जाहीर करायच्या, "दुतोंड्या मारुती आज गुडघ्यापर्यंत." पाणी नदीपात्रातल्या त्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला लागलं की बाकीचे शिक्षक शाळा सुटायची वाट बघायचे. बाई मात्र वर्गाला घेऊन व्हरांड्यात यायच्या आणि पागोळ्यांखाली उभं करून नदीचं खोरं शिकवायच्या. "पाऊस पडतोय म्हणून आले नाही," असं एखादी मुलगी म्हणाली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पाऊस हे कारण नाही. पाऊस हा अभ्यासक्रम आहे."

नकाशा त्या फळ्याकडे पाठ करून काढायच्या. डोळे वर्गावर आणि खडूचा हात मागे. महाराष्ट्राची किनारपट्टी सरसर उतरायची, गोव्यापाशी वळायची, चंद्रपुराकडे टोक काढून परत यायची आणि सुरुवातीच्या ठिपक्याला येऊन भिडायची. मुली श्वास रोखून बघायच्या. एकदा तो ठिपका थोडा हुकला तर बाईंनी सगळा महाराष्ट्र पुसून पुन्हा काढला होता.

अशा बाईंचा धडा एका साध्या प्रश्नाने अडवला.

आठवीच्या वर्गात त्या डोंगररांगा शिकवत होत्या. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, दुसरं साल्हेर, आपल्याच जिल्ह्यातलं, बागलाणातलं. हे वाक्य त्यांनी किती वर्षं उच्चारलं असेल कोण जाणे. त्या दिवशी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती साल्हेरच्या पायथ्याकडची, शिकायला नाशकात मामाकडे राहणारी. वर्गात फारशी बोलायची नाही. तिने विचारलं, "बाई, तुम्ही वर गेल्या आहात?"

खोडी काढायचा तिचा काहीच हेतू नव्हता. तिच्या गावचा डोंगर बाईंच्या तोंडी आला याचंच तिला अप्रूप वाटलं असावं. पण बाई थबकल्या. खडू खाली ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी नाही गेले." आणि फळ्याकडे वळून, "मग मी हे तुम्हाला कशाच्या जोरावर सांगतेय?"

धडा तिथेच बंद. दुसऱ्या दिवशी त्यांनी मृदा शिकवली, तिसऱ्या दिवशी पिकं. डोंगररांगा राहिल्याच. सहामाही परीक्षा जवळ आली तशी मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं. बाहेर आल्या त्या थेट आमच्या खोलीत. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी साल्हेर चढणार आहे. येत्या रविवारी. कोण येतंय?"

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग हशा पिकला. आमचे पीटीचे सर मनाने वाईट नव्हते, पण बोलायला फटकळ. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शाळेचा जिना चढताना दोनदा थांबता. साल्हेर म्हणजे काय आपला जिना आहे का? आणि ऐन श्रावणात? वर ढगात काही दिसत नाही. दिवाळीनंतर जा की निवांत."

"दिवाळीला मी निवृत्त होतेय, सर. तेव्हा मी गेले काय आणि न गेले काय, कोण विचारतंय? मला वर्गात उभं असताना जायचंय."

बाई एकेकीकडे बघत होत्या आणि एकेकजण वह्या तपासायला खाली मान घालत होती. मी सगळ्यांत नवी. माझ्याकडे वह्याही नव्हत्या. मी म्हणाले, "मी येते." खरं तर मला उंचीची भीती वाटायची. गच्चीच्या कठड्याजवळसुद्धा मी जात नसे. हे मात्र मी तेव्हा बोलले नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी बाईंना घ्यायला पंचवटीत गेले. त्यांचे यजमान दारातच उभे होते. उंच, किडकिडीत, अत्यंत मितभाषी गृहस्थ. त्यांनी माझ्या हातात थर्मास दिला, गुडघ्याला बांधायची पट्टी दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केलीय तिला. तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

"मग तुम्ही थांबवत का नाही, काका?"

ते हसले. "आधी गोदेला थांबवून ये, मग हिच्याकडे बघू."

रात्री सटाण्याला बाईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे मुक्काम केला. सकाळी तिच्या नवऱ्याने जीपने आम्हाला साल्हेरवाडीत आणून सोडलं. गाव दिसत होतं, गावामागची भाताची खाचरं दिसत होती, आणि त्याच्या मागे, जिथे डोंगर असायला हवा होता, तिथे नुसती करडी भिंत. पाऊस बारीक होता पण वारा असा की बाईंची छत्री पहिल्याच झोताला उलटी झाली. बाईंनी ती तशीच एका घराच्या ओट्यावर ठेवून दिली.

त्या घराचा मालक बाहेर आला. पन्नाशीचा शेतकरी, डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात काठी. आम्ही कशाला आलोय ते ऐकून त्याने आधी बाईंच्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग डोंगर नसलेल्या त्या दिशेकडे.

"आज नका जाऊ, माय," तो अहिराणी वळणाच्या मराठीत म्हणाला. "वर गंज वारा शे. काहीच दिसत नही."

"दादा, दिसण्यासाठी आले नाही मी. जाण्यासाठी आलेय. तुम्ही वाट दाखवाल?"

"वाट दखाडसू. पण पाय घसरना म्हणजे?"

"घसरला तर मी माझी जबाबदार. तुम्हाला बोल नाही लावणार."

तो वळून घरात गेला. त्याची वयस्कर आई बाहेर येऊन बाईंना निरखून गेली. आतून मायलेकांची बोलाबोली ऐकू आली. मग तो परत आला ते आणखी एक काठी घेऊन. ती बाईंच्या हातात दिली. "चाला मंग."

बाई त्या दिवशी नऊवारी नेसल्या होत्या. फिकट निळी. कासोटा घट्ट मारलेला, त्यावर पांढरे बूट. पहिल्या चढालाच त्यांना धाप लागली. त्या थांबल्या, मोठ्याने श्वास घेतले आणि काठीने मातीकडे बोट दाखवल्यासारखं करून म्हणाल्या, "बघ, इथे लाल माती संपली. आता खडक सुरू." प्रत्येक विश्रांतीला त्यांच्याकडे असं काहीतरी दाखवायला असायचं. आधी मला वाटलं की दम लागल्याचं लपवायला ही युक्ती. मग लक्षात आलं की दम लागलेलाही होता आणि खडकही त्यांना खरोखरच बघायचा होता.

किल्ल्याचा पहिला दरवाजा आला आणि आम्ही ढगात शिरलो. पुढे चालणाऱ्या दादांची खोळ दिसायची, दिसायची आणि नाहीशी व्हायची. कातळात कोरलेल्या पायऱ्यांवरून पाणी असं खाली येत होतं की आपण ओढ्यातून उलटे चाललोय असं वाटावं. पाय ठेवायचा तर पाण्याखालची पायरी चाचपून. दादा वरून ओरडायचे, "इठे पाय ठेवा!" आणि आम्ही तिथे पाय ठेवायचो.

पायऱ्या संपल्या आणि आडवी वाट लागली. एका बाजूला कातळाची भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ढगामुळे खालची खोली दिसत नव्हती, पण तिथून वर येणारा वारा साडी फुगवून सांगत होता की खाली बरंच काही आहे. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि मला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना.

"बाई," मी म्हणाले, "मला भीती वाटते. मला लहानपणापासून वाटते."

मला वाटलं, आता वाऱ्यावर किंवा दरीच्या निर्मितीवर काहीतरी ऐकावं लागणार. बाई मागे वळल्या. त्या अरुंद वाटेवर माझ्यापर्यंत परत आल्या. माझा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"पायाकडे बघ. दुसरं काही बघू नकोस. आता वायव्येचा पाय उचल."

"बाई, कुठला? उजवा की डावा?"

त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. मग ओरडल्या, "उजवा! उजवा गं बाई! आता डावा! शाब्बास! पुन्हा उजवा!"

उजवा, डावा, उजवा, डावा, पहिलीच्या कवायतीसारखे आम्ही दोघींनी ती वाट पार केली. पलीकडे पोहोचल्यावर मला रडू आलं आणि त्याच वेळी हसूही. बाईंनी थर्मास उघडून चहा दिला. त्यात अर्धा पाऊस पडला. तरी तसा चहा मी नंतर कधी प्यायले नाही.

माथ्यावरच्या सपाटीला आलो. तळ्याचं पाणी वाऱ्याने खडकावर आपटत होतं, त्याचा नुसता आवाज येत होता. दादा म्हणाले, पलीकडे गुहा आहे, तिथे बसा, पाऊस उतरला की परत फिरू. बाईंनी विचारलं, "हे शिखर?"

"नही, माय. शिखर आजून वर. परशुरामनं मंदिर शे तिठे."

"मग अजून वर."

शेवटची टेकडी खरी परीक्षा होती. ओल्या गवताचा उभा चढ, मध्ये मध्ये सुटे दगड. बाई थोड्या चढल्या आणि त्यांचा गुडघा मोडून पडल्यासारखा वाकला. त्या खाली बसल्या. उठायला गेल्या, पुन्हा बसल्या. पट्टी सोडून पुन्हा आवळून बांधली. तरी तो पाय भार घेईना. चेहरा पांढराफटक पडला होता. पुढे मी त्यांना कितीतरी वर्षं ओळखत होते, पण त्यांचे डोळे भरलेले मी त्या एकाच वेळी पाहिले.

"बाई, आपण इथपर्यंत आलो, हे खूप झालं," मी म्हणाले. "मुलींना सांगा ना, साल्हेरवर गेले होते. खोटं नाही ते."

"शिखर वर आहे गं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. एखाद्या मुलीच्या उत्तरपत्रिकेतली चूक दाखवावी इतकंच.

दादा काठीवर रेलून बघत होते. बाई चढाकडे पाठ करून, दरीकडे तोंड करून बसल्या होत्या. बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही हात मागे टेकले, चांगला पाय रोवला, आणि अंग उचलून एक वीत वर सरकल्या. थांबल्या. पुन्हा सरकल्या. मग माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा असा काही उजळला!

"अगं, जमतंय की!"

आणि त्या तशाच निघाल्या. शिखराकडे पाठ, हात मागे, दर खेपेला वीतभर. फळ्यावर न बघता महाराष्ट्र काढणाऱ्या बाई न बघता साल्हेर चढू लागल्या. मी एका बाजूला, दादा दुसऱ्या बाजूला. मागे दगड आला की दादा सांगायचे, "दगड शे, माय, हिकडे सरक." काही वेळाने त्यांनी स्वतःची काठी बाईंच्या पायाशी आडवी रोवून धरायला सुरुवात केली, म्हणजे पाय घसरू नये. गोणपाटातून पाणी गळत होतं, आणि मघाशी "नका जाऊ" म्हणणारा हा माणूस आता प्रत्येक खेपेला "हां! आजून! हां!" करत होता. मीही ओरडायला लागले. वाऱ्यात आम्हा तिघांचा असा गलका चालला होता की कुणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, वर बैलगाड्यांची शर्यत लागलीय.

कधीतरी बाईंचा हात मागे गेला आणि गवताऐवजी घडीव दगडाला लागला. त्यांनी तो चाचपला. मान वळवून बघितलं. छोटं मंदिर, चार हातांवर, ढगात अर्धं बुडालेलं. त्याच्या पुढे चढ नव्हता.

आम्ही दोघांनी त्यांना उभं केलं. वारा इतका होता की दोन्हीकडून धरावं लागलं. दिसत काहीच नव्हतं. हात लांब केला तर स्वतःची बोटं धूसर दिसायची. मला वाटलं, एवढं करून बाईंच्या पदरी हे? पण बाईंनी डोळे मिटले आणि चेहरा वाऱ्याकडे फिरवला.

"मोसमी वारा तोंडावर आला की समोर नैऋत्य," त्या म्हणाल्या. "म्हणजे तिकडे पश्चिम. तिकडे डांगचं जंगल. दक्षिणेला सप्तशृंगी, तिच्याजवळ धोडप. मागे पूर्वेला सालोटा, अगदी जवळ. ईशान्येला मुल्हेर, मांगीतुंगी." प्रत्येक नावाला हात त्या दिशेला जात होता आणि तिकडे फक्त पांढरं होतं. "दादा, बरोबर आहे का?"

"सगळं बरोबर शे," दादा म्हणाले. त्यांनी खोळ मागे सारली होती. पाऊस डोक्यावर घेत ते बाईंकडे बघत होते. "माय, तू ते जिंकी गयी."

बाईंनी मग डोळे उघडले, वर्गातल्या मुलीसारखा उजवा हात ताठ वर केला आणि त्या ढगाला, त्या वाऱ्याला, सबंध बागलाणाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "हजर!"

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण ते सगळं मला नीट आठवतही नाही. भीतीची आडवी वाट आली तेव्हा मी पुढे होते आणि बाई माझ्या खांद्याला धरून मागे, एवढं मात्र आठवतं. खाली दादांच्या आईने चुलीपाशी बसवून बाईंच्या गुडघ्याला गरम तेल चोळलं आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी खाऊ घातली.

सोमवारी वर्गात काय झालं ते इथेच सांगून टाकते. बाई काठी टेकत आठवीच्या वर्गात गेल्या आणि म्हणाल्या, "मी साल्हेरच्या शिखरावर गेले. मला काही दिसलं नाही. पण ढग आतून कसा असतो ते आता मी सांगू शकते." तो तास लांबला, पुढच्या तासाचे पीटीचे सर दाराशी येऊन थांबले आणि तिथेच उभे राहून ऐकत राहिले. त्या बागलाणच्या मुलीने शेवटी सांगितलं की ती स्वतःही कधी वर गेलेली नाही, घरून मुलींना पाठवत नाहीत. थंडीत शाळेची पहिली सहल साल्हेरला गेली. बाई तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, तरी आल्या, आणि दादांच्या ओट्यावर बसून त्यांनी सगळ्या मुलींना वर पाठवलं. त्या मुलीची आईही त्या दिवशी मुलींबरोबर वर गेली.

पण बाई म्हटल्या की मला आठवते ती रविवारची परतीची एसटी. सटाण्याला विद्यार्थिनीने कोरडी साडी पुढे केली होती. बाईंनी नेसायला नकार दिला. "हा साल्हेरचा चिखल आहे, घरी दाखवायचाय," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या तशाच एसटीत चढल्या. फिकट निळी नऊवारी समोरून बऱ्यापैकी स्वच्छ आणि मागून कमरेखाली पार चिखलाने माखलेली. गाडी गच्च भरलेली. बायका कुजबुजायला लागल्या, एका म्हातारबाबांनी जागा दिली. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापर्यंत आला, त्याने बाईंचा अवतार बघितला, काठी बघितली आणि कळवळून विचारलं, "अरेरे, मावशी, पडल्या का काय कुठं?"

बाईंनी मान वर केली. सगळी गाडी ऐकत होती.

"पडले नाही हो," बाई म्हणाल्या. "चढले!"